वर्षभराचा रिचार्ज

पांढुर्ण्यात मोबाइलचं बिल अजूनही दुकानात जाऊन भरणारा, वर पावती मागणारा आणि पावतीवर शिक्का नाही म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालणारा एकच माणूस उरला होता. रघुनाथराव खोडे. सौंसर तहसिलीतून बडेबाबू म्हणून निवृत्त. तीस वर्षं त्यांनी लोकांना "एक कागद कमी हाय, उद्या या" असं सांगितलं, आणि त्या तीस वर्षांत त्यांच्या मनात एकदाही आलं नाही की उद्या येणाऱ्याला उद्या दुसरं काही काम असू शकतं. देव असल्या गोष्टी लिहून ठेवतो, बरं का. फक्त त्याच्याकडे निकाल उशिरा लागतो.

नंबर त्यांचा जुना, पोस्टपेड. वीस वर्षांपूर्वी प्रेमलताबाईंचं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हा महिनाभर नागपूरच्या दवाखान्यात राहावं लागलं. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना थांबू देत नसत. रघुनाथराव बाहेर झाडाखाली बसायचे. तिथल्याच एका दुकानातून त्यांनी हा फोन घेतला आणि नंबर कागदावर लिहून बायकोच्या उशीखाली ठेवला. नर्सच्या टेबलावरून ती फोन लावायची. "कुठं हायत तुमी?" हे म्हणायचे, "इथंच हाय, झाडाखाली." महिनाभर दिवसातून दहादा लावून लावून तिला तो नंबर जो पाठ झाला, तो झालाच.

ही गोष्ट सांगायचं कारण असं, की दोन वर्षांपासून प्रेमलताबाईंचं विसरणं सुरू झालं होतं. आधी गॅसवरचं दूध विसरल्या. मग शेजारच्या छायाताईंचं नाव विसरल्या. मग रामाकोन्याहून सख्खा भाऊ भिवाजी भेटायला आला, तर त्याला "चहा घेता काय, गुरुजी?" म्हणाल्या. भिवाजी बिचारा गुरुजी म्हणून चहा पिऊन गेला आणि बसस्टँडवर जाऊन रडला. नवऱ्याला मात्र त्या विसरल्या नव्हत्या, आणि त्या दहा आकड्यांना. रघुनाथराव भाजीला गेले की त्या साध्या बटणांच्या फोनवर धडाधड नंबर दाबायच्या. "कुठं हायत तुमी?" "येऊन राहिलो." एवढंच बोलणं. एवढ्यावर त्या तासभर शांत बसायच्या. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, "जे धरून आहेत ते तसंच राहू द्या. काही बदलू नका." घरात दोघंच. त्यामुळे रघुनाथरावांनी पलंगाची दिशासुद्धा बदलली नव्हती.

मग गडबड कुठं झाली? शहाणपणात झाली. शेजारचे शालिकराम संत्र्याचे व्यापारी. झाडावर फूल असताना बगीचा बघून किती फळ निघेल ते सांगायची त्यांना सवय, म्हणून ते सगळ्याच बाबतीत आधीच सांगून टाकत. त्यांनी रघुनाथरावांना बजावलं होतं, "रघुनाथभाऊ, फोनवर मेसेज आला का मिटवाचा. सगळे चोट्टे हायत." रघुनाथरावांनी इमानदारीनं मिटवले. त्यात बिल थकल्याचे सहा मेसेजही मिटवले, तेही अभिमानानं. सातव्या दिवशी कंपनीनं फोन बंद केला.

ते बाजारात होते दोन तास. इकडे प्रेमलताबाईंनी फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. मग पिशवी घेतली आणि अनवाणी निघाल्या. छायाताईंना त्या रेल्वे फाटकाजवळ सापडल्या. "कुठं चालल्या काकू?" तर म्हणाल्या, "त्याईले आणाले. त्याईचा फोन नाही लागून राहिला." त्या दिवशी रघुनाथराव जेवले नाहीत. बायकोचे तळपाय धुऊन देताना त्यांनी ठरवलं, की आता हा फोन एक मिनिटही बंद पडता कामा नये.

"प्रीपेड करून टाका," शालिकराम ओट्यावर बसून म्हणाले. मेसेजचा सल्ला आपलाच होता हे त्यांना आठवत नव्हतं. "वर्षभराचा रिचार्ज एकदाच माराचा. मग वर्षभर कोनाच्या बापाची हिंमत नाही बंद कराची."

छायाताई, म्हणजे शालिकरामांच्या मिसेस, आतून म्हणाल्या, "नसते उद्योग नका करू काकाजी. बिल भरलं ना, चालू झाला ना? मंग?" हा या गोष्टीतला एकमेव शहाणा सल्ला होता आणि तो बाईमाणसाचा असल्यामुळे दोघांनीही ऐकला नाही.

बसस्टँडजवळ हेमराजचं मोबाइलचं दुकान. हेमराज म्हणाला, "पाच मिन्टाचं काम हाय काकाजी." हे शब्द रघुनाथरावांनी नोकरीत कधी तोंडातून काढले नव्हते, कारण त्यांना ठाऊक होतं की सरकारदरबारी असं काम अस्तित्वातच नसतं. तरी फसले.

पहिला अर्धा तास ओटीपीत गेला. हेमराज म्हणे, "ओटीपी सांगा." हे म्हणे, "नाही सांगत. बँकेनं सांगितलं कोनालेच सांगाचा नाही."

"काकाजी, थे चोराले नाही सांगाचा. मले सांगाचा."

"चोर काय पाटी लावून बसते का दुकानावर?"

शेवटी रघुनाथरावांनी ओटीपी स्वतःच्या हातानं, दुसऱ्या हाताचा आडोसा करून त्याच्या मशिनीत टाकला. मग फोटो. आता या फोटोत माणूस जिवंत आहे की नाही ते कंपनीला बघायचं असतं, म्हणून डोळे मिचकवावे लागतात. मशीन हिंदीत म्हणाली, "पलकें झपकाइए." मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर रघुनाथरावांची पापणी जरा सावकाश लवायची. ते लववीपर्यंत मशिनीचा वेळ संपायचा. पुन्हा लवली, पुन्हा वेळ संपला. दुकानात आलेली चार माणसं थांबून बघायला लागली. एकानं तर त्यांच्यासमोर उभं राहून कसं मिचकवायचं ते करून दाखवलं, आणि समोरच्या टपरीवरच्या बाईंना वाटलं तो आपल्यालाच डोळा मारतो आहे. तिथंही दहा मिनिटं गेली. सोळाव्या खेपेला मशिनीनं मान्य केलं की रघुनाथराव जिवंत आहेत. पण आधारवरचा माणूस तेच आहेत हे मान्य करायला आणखी सात खेपा लागल्या, कारण आधारवर त्यांचे केस काळे होते. "बडेबाबू असताना लावत होतो," त्यांना चारचौघांत कबूल करावं लागलं.

नवं सिम टाकलं. "दोन घंट्यात चालू होते," हेमराज म्हणाला.

दोन तासांनी झालं नाही. रात्री झालं नाही. रघुनाथराव घरातच असल्यामुळे प्रेमलताबाईंना फोन लावायचं कारण नव्हतं, तेवढीच देवाची कृपा. सकाळी दुकान उघडायच्या आधी हे पायरीवर हजर. हेमराजनं मशीन बघितली आणि त्याचा चेहराच उतरला. "काकाजी, तुमचा नंबर महाराष्ट्राचा हाय का?"

"नंबर माझा हाय."

"तसं नाही जी. नागपूरचा घेतला होता ना? आपन मध्यप्रदेशात. जुनं सिम इकडून बंद झालं, पन नवं इकडून चालू नाही होत. सिस्टीमनं अर्धं घेतलं, अर्धं नाही घेतलं."

आता बघा, पांढुर्ण्याचा माणूस बोलतो मराठी, अर्ज लिहितो हिंदीत, आजारी पडला की नागपूरला आणि कज्जा असला की जबलपूरला. सत्तर वर्षं त्याला कोणी विचारलं नाही की बाबा, तू नक्की कुठला. मोबाइलनं विचारलं.

"मंग आता?" रघुनाथरावांनी विचारलं.

"नागपूरच्या ऑफिसात जा लागते. अन् उद्यापर्यंतच जा. नाही तं नंबर वापस कंपनीकडे जाते. मंग थे कोनालेही देतीन."

कोणालाही. म्हणजे बायकोनं फोन लावला तर पलीकडून भलताच माणूस बोलणार. रघुनाथराव दुकानाच्या पायरीवर खालीच बसले. हेमराजनं पाणी दिलं. पैसे नको म्हणाला. ते तर त्यांनी विचारलेसुद्धा नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते निघाले. छायाताईंना सांगून ठेवलं, "घरी बसा हिच्यापाशी. फोन लावला तं सांगा, चार्जिंगले लावला हाय." प्रेमलताबाईंनाही तीनदा सांगितलं. त्यांनी तीनदा मान हलवली. निघताना दारात येऊन म्हणाल्या, "फोन घेतला ना?" रघुनाथरावांनी खिशातला मुका फोन काढून दाखवला. खोटं बोलल्यासारखं वाटलं त्यांना, आणि ते खरंच होतं.

नागपूरचं ऑफिस काचेचं, थंडगार. टोकन नंबर चौऱ्याण्णव. दीड तासानं काउंटरवरच्या मुलीनं बोलावलं. छातीवर नाव होतं तेजस्विनी. तिनं कागद चाळले आणि गोड आवाजात म्हणाली, "काका, तुमचा पत्ता मध्य प्रदेशचा आहे. हे तिकडंच होईल."

"तिकडचे म्हणतात इकडं होईल."

"मग इथला काही पत्ता? भाडेकरार, लाइटबिल? एक कागद कमी पडतोय काका. उद्या घेऊन या ना."

रघुनाथरावांचे कान लाल झाले. ते वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं, आवाज तेवढा वेगळा. ते काही तरी खमकं बोलणार होते. चाळीस वर्षांचा सरकारी कामाचा अनुभव आहे, वगैरे. दहा वर्षं त्यांनी वाढवलीही असती. पण तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "बेटा, मी उद्या येतो. परवा बी येतो. पन माझी बायको आज फोन लावून राहिली असन. तिले बाकी काहीच आठवत नाही. हा एकच नंबर आठवते." आणि मग सौंसरचे माजी बडेबाबू चौऱ्याण्णव नंबरचं टोकन हातात धरून सगळ्यांदेखत रडायला लागले. मागचा पंच्याण्णव नंबरवाला हळूच दोन पावलं मागं सरकला.

मुलगी उठली. आत गेली, साहेबांना घेऊन आली, साहेबांनी कुठं तरी फोन केला. जुना अर्ज निघाला. त्यावर दवाखान्याजवळच्या धर्मशाळेचा पत्ता होता. तोच चालवून घेतला. पापण्या मिचकवणं पुन्हा झालं, पण डोळे ओले असल्यामुळे की काय, या वेळी पहिल्याच खेपेला जमलं. साडेचारला फोनवर सिग्नलच्या दांड्या उभ्या राहिल्या. "वर्षभराचा रिचार्ज मारून द्या," रघुनाथराव म्हणाले. तो मारला.

त्यांनी लगेच बायकोला फोन लावला. बंद. शालिकरामला लावावा, तर नंबर कुठला? सगळ्यांचे नंबर जुन्या सिमवर होते आणि ते सिम हेमराजनं कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. त्यांना स्वतःला पाठ नंबर एकच, बायकोचा. गाडीत बसल्यावर काटोलपर्यंत ते लावत राहिले. बंद, बंद. पण मनातून खुशीत होते. बॅटरी उतरली असेल, म्हणाले. डब्यातल्या एका अनोळखी माणसाला त्यांनी नंबर कसा वाचवला ते नरखेडपर्यंत सांगितलं. त्या माणसाला कळमेश्वरला उतरायचं होतं, ते राहूनच गेलं होतं.

इकडे घरी काय झालं ते ऐका. अकरा वाजता छायाताई दूध उतू जाईल म्हणून पाच मिनिटं घरी गेल्या, त्याचा अर्धा तास झाला. प्रेमलताबाईंनी फोन लावला. आतून बाई बोलली, "आपने जो नंबर डायल किया है, वह मौजूद नहीं है." त्यांनी पुन्हा लावला. चाळीस वेळा लावला असेल. बाईनं चाळीस वेळा तेच सांगितलं. छायाताई परत आल्या तर प्रेमलताबाई भिंतीला टेकून बसलेल्या, कपाळ पुसलेलं, आणि हातातल्या बांगड्या एकेक काढून ताटलीत ठेवलेल्या. फोडल्या नव्हत्या. "काच कोनाच्या पायात जाईन," म्हणाल्या.

"काय झालं वो काकू?"

"ते नाही राहिले. बाईनं सांगितलं, मौजूद नाही म्हून."

"कोन बाई?"

"फोनमधली. सरकारी बाई हाय, थे खोटं काऊन बोलन?"

छायाताईंनी समजावलं, चार्जिंगचंही सांगितलं. पण त्या रडणाऱ्या बाईकडे बघून त्यांनाच खरं वाटायला लागलं. त्यांनी नवऱ्याला बोलावलं. शालिकरामांनी फोन लावला. मौजूद नहीं है. तेवढ्यात रस्त्यानं जाणाऱ्या कोणी तरी सांगितलं की सकाळी तिगावजवळ रेल्वेखाली एक म्हातारा आला म्हणे. झालं! तिगाव इटारसीच्या बाजूला आणि नागपूर बरोबर उलट बाजूला, हे पांढुर्ण्याच्या शेंबड्या पोराला कळतं. पण दुःखात माणसाला दिशा राहत नाही, आणि शालिकरामांना तर फुलावरून फळ सांगायची सवयच. त्यांनी मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकून दिलं. भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो निरोपसमारंभातला, त्यात रघुनाथरावांच्या गळ्यातला हार अनायासे होताच. मग बाया जमल्या. सतरंज्या आल्या. मेलेल्या माणसाला पुन्हा फोन कोण लावतो? साडेचारनंतर कोणी लावून बघितलाच नाही. आणि संध्याकाळी रामाकोन्याहून भिवाजी आला. काखेत पिशवी, पिशवीत बहिणीसाठी माहेरचं पांढरं पातळ. रीतच आहे ती. बहीण ओळखो न ओळखो, भावानं आणायचं असतं.

दिवेलागणीला रघुनाथराव गल्लीत शिरले. ओट्यावर गर्दी दिसली. त्यांना वाटलं, प्रेमलता गेली. ते "अगं बाई गं" म्हणून ओरडले आणि पळायला लागले. त्यांना बघून बाया किंचाळल्या. शालिकराम सतरंजीवरून उठले आणि पुढं येण्याऐवजी मागं पळाले. पाच मिनिटं कोण कोणासाठी रडतं ते कोणालाच कळेना. मग छायाताईंनी त्यांचा हात धरून बघितला, म्हणाल्या, "गरम हाय, गरम हाय," आणि एकदम सगळे हसायलाच लागले. हसता हसता रडले. कोणी तरी चहा ठेवला. भिवाजीनं पिशवी पाठीमागं लपवली, मग पलंगाखाली सरकवली, आणि मेहुण्याच्या गळ्यात पडला. शालिकराम कान पकडून म्हणाले, "रघुनाथभाऊ, आयुष्य वाढलं तुमचं." रघुनाथरावांना रागावायचं होतं. निदान फोटो तरी बरा टाकायचा, असं म्हणायचं होतं. पण आधी त्यांना आत जायचं होतं.

प्रेमलताबाई भिंतीशी तशाच बसल्या होत्या. हे समोर जाऊन बसले. "प्रेमलता, मी आलो ना."

त्यांनी डोळे वर केले. बघितलं. मग घाईनं डोक्यावरचा पदर नीट केला, परक्या माणसासमोर करतात तसा, आणि म्हणाल्या, "या जी. बसा. लय दुरून आले काय?"

बाया अजून हसतच होत्या. छायाताईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं. "काकू, काकाजी हायत ना हे. तुमचे."

"हाव," प्रेमलताबाई म्हणाल्या, पाहुण्याचं मन मोडू नये तसं. "चांगले मानूस हायत. पन आमचे ते नाही राहिले."

रघुनाथरावांनी नाव घेतलं, झाडाची आठवण सांगितली, दवाखान्याची सांगितली. त्या ऐकत होत्या आणि दर वाक्याला सहानुभूतीनं मान हलवत होत्या. दोन वर्षांत त्या सगळ्यांना विसरल्या, तेव्हा रघुनाथराव मनात म्हणायचे, मला तर नाही ना. आता ते म्हणायला जागा उरली नव्हती. ते तिथंच, तिच्यासमोर, तोंडाला रुमाल लावून रडले. लोक एकेक करून उठले. चपलांचा आवाज न करता गेले.

घर रिकामं झालं. भिवाजी मागच्या अंगणात जाऊन बसला. रघुनाथरावांनी बायकोचा उतरलेला फोन चार्जिंगला लावला, चालू करून तिच्या हाताशी ठेवला आणि बाहेर ओट्यावर आले. सतरंज्या अजून पसरलेल्याच होत्या. त्यातल्या एकीवर ते बसले. बराच वेळ फोन हातात धरून होते. मग लावला.

आत घंटी वाजली. तिसऱ्या घंटीला उचलला.

"हॅलो," रघुनाथराव म्हणाले.

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज. "कुठं हायत तुमी? सकायपासून लावून राहिली मी! कोनीही काहीही सांगते, जीव जायची वेळ आली माझी."

"नागपूरले गेलो होतो."

"जेवले?"

"नाही."

"मंग या ना लवकर." तिनं आवाज खाली केला. "अन् आयका. घरात एक म्हातारे बुवा येऊन बसले होते. त्याईचं कोनी गेलं वाटते, लय रडले बिचारे. मले काही सुचलं नाही काय बोलाचं त्याईच्यासंगं. आता बाहेर ओट्यावर गेले. तुमी या, अन् त्याईले दोन घास खाऊ घाला."

"येऊन राहिलो," रघुनाथराव म्हणाले.